सुखीची दुसरी वेलांटी

१२ जानेवारी

प्रिय खुडबूड,

तू गेलीस आणि घर पुन्हा गप्प झालं. दोन दिवस काय धिंगाणा घातलास. नळ सोड, बंद कर, पडदा ओढ, खुर्ची सरकव, आणि दर वेळी ते आवाज टिपायचं यंत्र पुढे धरून श्वास रोखून उभी. लहानपणी डबे वाजवायचीस म्हणून हे नाव पडलं तुला, आणि आता त्याच खुडबुडीचा पगार मिळतो. नशीब काढलंस बाई.

शेवटच्या सकाळी माझ्या खोलीची शांतता भरून घेतलीस, ती कशी निघाली? प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणालीस तेव्हा मी हसले होते. पण तेव्हापासून पडल्या पडल्या ऐकत असते. दुपारी ऊन भिंतीवरून सरकतं, त्यालाही बारीकसा आवाज असावा असं वाटायला लागलंय. वेड लावून गेलीस.

माझा फोन ह्यांनी ठेवून दिलाय. स्क्रीनकडे बघून डोकं दुखतं ना माझं. पत्रंच बरी. लिहून झालं की हे वाचतात आणि कामावर जाताना पेटीत टाकतात. म्हणतात, तुझं अक्षर असं आहे की वाचल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही.

निघताना जिन्यात तू विचारलंस, "ताई, बरी आहेस ना?" घाईत उत्तर राहून गेलं. मी सुखि आहे. तू आपली तुझ्या कामाकडे बघ.

तुझी,
ताई

ता. क. मेहुणीबाई, तुमच्या मालिकेतल्या नवऱ्याला फार काळा रंगवू नका. आम्हा नवरेमंडळींनाही मन असतं.
— भाऊजी


२० जानेवारी

प्रिय ताई,

आधी भांडण. "सुखि"? पहिली वेलांटी? ज्या माणसाने चाळीस वर्षं छापखान्यात लाल पेन्सिल घेऊन मुद्रितं तपासली, त्याची थोरली लेक तू. बाबांना कळलं तर जेवण जायचं नाही त्यांना. म्हातारी झालीस तू, कबूल कर.

आता कामाचं. वेब सीरिज आठ भागांची आहे. एक नवरा, एक बायको, एक मोठं घर. नवरा इतका गोड की शेजारीपाजारी त्याची उदाहरणं देतात. बायकोला मात्र खात्री आहे की हा आपल्याला एक दिवस मारणार. तिचं कोणी ऐकत नाही. चित्रीकरणात बारीक आवाज नीट येत नाहीत, म्हणून ते मी नंतर पडद्यासमोर उभी राहून करते. नवऱ्याची पावलंही मीच आणि बायकोचीही मीच. सकाळी त्याचे बूट घालते, दुपारी तिच्या सपाता. एका दिवसात दोघांचाही संसार करून घरी येते आणि आडवी होते.

तुझ्या खोलीची शांतता फार सुंदर निघाली. सुरुवातीला तू आतून कडी लावून घेतलीस, तीही सापडली. मालिकेतल्या बायकोच्या दाराला ती वापरणार आहे.

एका जागी अडलोय. नवरा घरी येतोय आणि बायकोला त्याची चाहूल लागते. कागदावर लिहिलंय की ती किंचाळते आणि पळते. आमच्या दिग्दर्शिकेला ते पटत नाहीये. तुला काय वाटतं? गोष्टीतलं खोटं तू लहानपणापासून पकडतेस.

भाऊजींना सांग, नवऱ्याला रंगवणारी मी नाही. मी फक्त त्याचे बूट वाजवते.

तुझी,
खुडबूड


५ फेब्रुवारी

प्रिय खुडबूड,

किंचाळणार नाही ती. किंचाळायला आशा लागते, की कोणीतरी येईल.

ती जिना ऐकेल. पावलं पायरीगणिक सारखी पडली तर दिवस बरा. मधल्या वळणावर थांबली, तर हातातलं काम ती जागच्या जागी ठेवेल. चमचासुद्धा वाजू देणार नाही. मग चेहरा नीट करेल. किल्ली पहिल्या झटक्यात लागली तर पाणी विचारायचं, दोनदा खुडखुडली तर काहीच विचारायचं नाही. हे सगळं तिला झोपेतसुद्धा करता येत असेल. आणि ती पळणार नाही, कारण पळायचं कुठून हा प्रश्न आधी येतो.

मी आपलं मनानेच रचलंय हं. इथवर ह्यांनी मागून वाचलं आणि हसले. म्हणाले, बहिणीच्या नादाने तूही लेखिका झालीस.

कडीचं लिहिलंस. ती तुमच्या बायकोच्या दाराला शोभेल का, नीट ऐकून बघ. तुझे कान तिखट आहेत.

माझं काय, दिवस जातात. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या चादरी दिसतात. दुपारी डोळा लागतो तेव्हा त्या हळूहळू वर येतात आणि खाली जातात, आणि मला वाटतं मी त्यांच्याच खाली झोपलेय, उघड्यावर. जाग येते तेव्हा कोणती खोली हे आठवायला थोडा वेळ लागतो. हल्ली बाहेर जायची ईच्छाच होत नाही. घरातच मन रमतं.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई

ता. क. झकास लिहिलंय की नाही? मानधन आमच्या पत्त्यावर पाठवा.
— भाऊजी


१६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

हे पत्र बसून वाचा. फोनवर सांगायचं होतं, पण तुम्हाला ऐकू कमी येतं आणि मला हे ओरडून सांगता येणार नाही.

आज सातव्या भागाचं काम होतं. बायको आपल्या खोलीत जाते, आतून कडी लावते, पलंगावर बसते. मी ताईच्या घरून आणलेला कडीचा आवाज त्या चित्रावर बसवत होते. बसेना. दहा वेळा मागेपुढे केला. शेवटी दिवे घालवले, चित्र बंद केलं आणि नुसतं ऐकलं.

आतून कडी लावणारा माणूस आधी दार ढकलतो. कडी खणखणीत वाजते, कारण ती आणि आपण एकाच खोलीत असतो. मग त्याची पावलं खोलीत परत येतात. ह्या आवाजात दार पलीकडे ओढलं जातं. कडी लाकडामागून बद्द वाजते. आणि मग पावलं लांब जातात. बुटांची.

बाबा, ती कडी बाहेरून लागली आहे.

मला ती सकाळ आठवली. ताई पडली होती. मी तिच्या फळीवर यंत्र चालू करून ठेवलं, म्हटलं, झोप तू, मला खोलीची शांतता हवीय. भाऊजी आणि मी पाव आणायला निघालो. दारात ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." मी जिना उतरले. परत आलो तेव्हा माझ्या चपला निघेपर्यंत ते आत जाऊन आले होते.

मग मी ती सगळी चाळीस मिनिटं ऐकली. बूट लांब गेल्यावर बराच वेळ काही नाही. मग ताईच्या सपाता, पलंगाकडून दाराकडे. दार एकदा हलकंसं ओढल्याचा आवाज. मग ती फळीपाशी आली. यंत्राच्या इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या कानात येत होता. तिला माहीत होतं की हे मी ऐकणार. ती पुष्कळ वेळ उभी राहिली आणि काही बोलली नाही. घरी आल्यावर मी यंत्र लगेच वाजवून दाखवीन, भाऊजीही ऐकतील, अशी भीती वाटली असेल तिला. मी एवढे दिवस त्या शांततेला सुंदर म्हणत होते.

आता एक कबुली. लहानपणी तुम्ही आमच्या चिठ्ठ्यासुद्धा तपासायचात. तेव्हा आम्ही एक युक्ती काढली होती. ज्या शब्दाची वेलांटी किंवा उकार मुद्दाम चुकवला, ते वाक्य उलटं वाचायचं. "आम्ही अभ्यास करतोय", त्यात "आम्हि" पहिली वेलांटी, म्हणजे पत्ते खेळतोय. तुम्ही चूक सुधारायचात आणि खोटं तसंच राहायचं. मी ते विसरून गेले होते. ताई विसरली नाही. तिने मला लिहिलं, मी "सुखि" आहे. मी तिची थट्टा केली. नंतर लिहिलं, बाहेर जायची "ईच्छाच" होत नाही.

तुमच्याकडे तिची पत्रं आहेत का?

तुमची,
खुडबूड


२० फेब्रुवारी

चि. खुडबूड, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

दोन वर्षांत ताईची मला एकोणीस पत्रं आली. मी प्रत्येक पत्र तपासलं. लाल पेन्सिलीने वेलांट्या दुरुस्त केल्या, वर "लक्ष कुठे असतं?" असा शेरा मारला आणि माझ्या उत्तराबरोबर ते तिला परत पाठवलं. तिला वाटलं असेल, बाबा ही पत्रं धाकटीला दाखवतील. मी ती तिची तिलाच पाठवली. जावई एकदा फोनवर म्हणालेसुद्धा, तुमच्या घरची ही गंमत छान आहे.

चुका वहीत टिपायची सवय आहे, म्हणून शब्द माझ्याकडे आहेत. "रोज फीरायला जातो." "हे फार काळजि घेतात." "मला कशाची भिती वाटत नाही." "सुखि" हा शब्द सहा वेळा आहे. सहाही वेळा मी त्याला दुसरी वेलांटी देऊन तिला सुखी केलं आणि निजलो.

आठव्या वर्षी वर्तमानपत्रातल्या चुका काढणारी पोर ती. ती अशी चुकेल का, हा विचार मला शिवला नाही. मी अक्षर बघितलं, लेक बघितली नाही. ह्याचं मला जे वाटतं ते लिहीत बसत नाही.

माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. तू जा आणि तिला घेऊन ये. तिला पत्र लिहिशील तेव्हा वेलांट्या सांभाळ. कोणती चुकवायची ते आधी नीट ठरव आणि मग चुकव.

बाबा


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू रचलेलं पात्र आमच्या दिग्दर्शिकेला इतकं आवडलं की तिने अख्खं दृश्य पुन्हा लिहून घेतलं. आता बायको किंचाळत नाही. चमचा खाली ठेवते आणि जिना ऐकते.

कडीचं म्हणालीस ते मला काही समजलं नाहि. कडी ती कडी. असो.

नवऱ्याची पावलं मात्र जमत नाहीयेत. माझ्या पायांना तेवढं वजन नाही. भाऊजींसारखी चाल हवी, शांत आणि घरंदाज. म्हणून शनिवारी, सात मार्चला, दुपारी मी आणि दिग्दर्शिका तुमच्याकडे येतोय. अर्ध्या तासाचं काम. भाऊजींनी जिन्यात चालायचं, एवढंच. तू मुळीच तयारि करू नकोस.

तुझी,
खुडबूड


२ मार्च

प्रिय खुडबूड,

तुझं पत्र मिळालं. ह्यांचं म्हणणं असं की घरात पुन्हा यंत्र वगैरे नको. मलाही विश्रांती हवी आहे. शनिवारी आम्ही कदाचित घरी नसू. तुमच्या दिग्दर्शिकेला उगाच त्रास नको.

तू येउ नकोस.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ताई


९ मार्च

प्रिय बाबा,

ताई आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. फोनवर तिचा आवाज तुम्ही ऐकलात, तरी तुम्हाला सगळं लिहून हवंय, म्हणून लिहिते.

"येऊ"चा ऊ तिने ऱ्हस्व काढला होता. शेजारी बसून भाऊजींनी सांगितलं असणार आणि तिने अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं असणार. मी ते पत्र दिग्दर्शिकेला दाखवलं. ती म्हणाली, माझी गाडी आहे, मी येते.

भाऊजींनी दार उघडलं तेव्हा चेहरा उतरला होता त्यांचा. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दारात उभ्या होत्या आणि दिग्दर्शिका मोठ्याने म्हणाली, "अहो, तुमच्यासारखी पावलं अख्ख्या गावात शोधली." चारचौघांत नाही म्हणणं त्यांना कधी जमलेलं नाही. हसले, या म्हणाले. ताई मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी भाऊजींच्या पायाशी छोटा बिनतारी माइक लावला, त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येत होता. तिसऱ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत जायचं. गच्चीवर पाच मिनिटं अजिबात न हलता उभं राहायचं, कारण मला तिथली शांतता हवी. हललात तर पुन्हा पहिल्यापासून. मग सावकाश खाली या. त्यांनी बूट पुसून घेतले. दिग्दर्शिका खाली गाडीत जाऊन बसली.

त्यांची पावलं माझ्या कानात चढत गेली. पायरीगणिक सारखी. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पाचव्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली आणि मला ताईचं पत्र आठवलं. हातातली वायर मी खाली ठेवली, तीही न वाजवता. मग पुन्हा बूट. मग गच्चीचं दार. मग काही नाही, नुसता वारा आणि त्यात उभा एक माणूस.

मी मान हलवली. ताईने उशीच्या अभ्र्यातून एक पिशवी काढली आणि सपाता हातात घेतल्या. मला वाटलं ती धावेल. ती आपल्या खोलीपाशी गेली, आत कोणी नाही हे बघितलं, आणि दार ओढून बाहेरून कडी लावली. तोच आवाज. ह्या बाजूने ऐकला तर किती साधा आहे.

आम्ही अनवाणी उतरलो. मधल्या वळणावर ती सवयीने थांबली. मी हात धरला. दुसऱ्या मजल्यावर कानातला वारा तुटायला लागला. पहिल्या मजल्यावर मधूनमधून येत होता. रस्त्यावर पाय ठेवला तेव्हा कानात काहीच नव्हतं. दुपारचं ऊन होतं आणि लोक चाललेले होते. ताईने सपाता घातल्या, खाली वाकून, अगदी सावकाश. गाडीत ती म्हणाली, "ते अजून उभे असतील. सांगितलेलं नीट करतात ते." आणि मग ती रडली.

त्यांचे फोन येतायत. आधी गोड, मग कडू. काल वकीलबाईंकडे जाऊन आलो, आणि त्यांच्याबरोबर पोलिसांकडे. ती चाळीस मिनिटं मी त्यांना दिली. वकीलबाईंनी सगळी ऐकली. तुमची वहीही लागेल म्हणाल्या, पाठवून द्या.

तुमची,
खुडबूड


२८ मार्च

प्रिय बाबा,

दोन वर्षांनी पहिल्यांदा असं पत्र लिहितेय जे माझ्याआधी कोणी वाचणार नाही, आणि हात अवघडलाय. कोणी मागे उभं नाही हे दोनदा वळून बघितलं. मागे खुडबूड होती, टाचेवर टाच घासून कसलातरी आवाज करत.

तुम्ही फोनवर दिवसातून चारदा माझी क्षमा मागता. पुरे करा आता. तुमची लाल पेन्सिल घेऊन ती पत्रं परत यायची तेव्हा मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, बाबा निदान वाचतात तरी. एकेक शब्द बोट ठेवून वाचतात. कधीतरी त्यांना कळेल. ह्या एका गोष्टीवर मी पुष्कळ दुपारी काढल्या.

मालिकेचा शेवट बदलला. आधी आठव्या भागात बायकोचा खून होता. आता नवरा घरी येतो, बंद दाराची कडी काढतो, आणि आत कोणी नसतं. बस. खुडबुडीने त्या रिकाम्या खोलीला माझ्या खोलीचीच शांतता लावली आहे. मला दाखवायला नेलं होतं. मी डोळे मिटून ऐकलं. मी तिथे नाही हे ऐकू येतं, बाबा.

इथे माझ्या खोलीला कडीच नाही, नुसतं दार. पहिल्या रात्री मी ते सताड उघडं ठेवून झोपले. काल थोडं लोटून घेतलं, उजेड येत होता म्हणून. सकाळी एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत यायला उशीर झाला आणि कोणी विचारलं नाही.

सुखी वगैरे इतक्यात लिहीत नाही. तो शब्द मी फार वापरला. पण मी सुरक्षीत आहे, दोन वेळा जेवते, आणि दुपारी झोप येते तेव्हा चादरी दिसत नाहीत.

तुमची,
ताई

ता. क. खुडबूड खांद्यावरून वाचून हसतेय. म्हणते, "सुरक्षित"ला पहिली वेलांटी. दोन वर्षं ठरवून चुकत राहिले, आता बरोबर काय तेच आठवेना. बाबा, ती नुसती चूक आहे. घाबरू नका, उलटं वाचू नका. लाल पेन्सिलीने वेलांटी तेवढी बदला आणि वाक्य आहे तसं राहू द्या.